गुळांब्याची जवारी

माझ्या धाकट्या बहिणीनं महाराष्ट्रातल्या सगळ्यात लाडक्या गाण्याचा धंदा म्हशींसाठी सोडला, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. थट्टा नाही. केतकीला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि भरल्या ताटावर, आमटीत भात कालवता कालवता, तिनं 'गुळांबा' सोडत असल्याचं जाहीर केलं.

"अगं, गाणं सोडून गुरं?" आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

"गाणं कुठं सोडतेय? गुळांबा सोडतेय. गाईन की गोठ्यात."

गुळांबा म्हणजे आम्ही तिघी, मिरजेच्या. वाद्य नाही, नुसते तीन गळे. मी मधुरा मगदूम. नाव मधुरा आणि आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा, म्हणून खालचा सूर माझा. ग्रीष्मा कांबळे तोंडानं हलगी आणि ढोलकी वाजवते आणि वेळ पडली तर मधला सूर धरते. आणि वर केतकी. खरं सांगायचं तर लोक केतकीला ऐकायला यायचे. आम्ही दोघी पानातली चटणी-कोशिंबीर. पीच रंगाचे फ्रॉक, केसांत मोत्यांच्या पिना, तिघींचं एकसारखं हसू. बारशाला, लग्नात, दाताच्या डॉक्टरकडे, जिथं कुणाचं मन दुखवायचं नसेल तिथं गुळांबा वाजायचा. पेपरवाले आम्हाला 'गोड मुली' म्हणायचे. मी तिशीला टेकले होते, तरी मुलीच.

वाद्य नसल्यामुळे आम्हाला आधार एकच, शेजारणीची पाठ. गाणं सुरू करताना प्रत्येकीचा तळहात शेजारणीच्या पाठीवर, खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध. पाठ फुगली की श्वास भरला, पाठ थांबली की सूर लावायचा. लोकांना वाटायचं ही नाचातली अदा आहे. ती आमची तालीम होती, शाळेच्या स्नेहसंमेलनापासूनची.

बॅग भरताना केतकी मला म्हणाली, "ताई, माझा ठसा ठेव. तुला लागंल."

ठसा म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदू गळ्याच्या, जिभेच्या, जबड्याच्या स्नायूंना हुकूम सोडतो. त्या हुकमाची बारीकशी वीज वरच्या कातडीवरही उमटते. अपघातात किंवा आजारात ज्यांचं स्वरयंत्र जातं, त्यांच्यातही हुकूम सुटायचे थांबत नाहीत. ते ऐकणारं स्वरयंत्र तेवढं उरलेलं नसतं. कंठपट्टी ही वीज वाचते. बोटभर रुंदीची, जबड्याखाली चिकटवायची पट्टी. स्वर वर न्यायचा विचार आला की गळ्याबाहेरचे स्नायू किंचित ताणतात, तेसुद्धा ती ओळखते, आणि बटणाएवढ्या कर्ण्यातून आवाज काढते. सुरुवातीला ती फक्त रुग्णांना मिळायची. मुके झालेले बाप लेकरांना हाका मारायला लागले, आणि मिरज तर दवाखान्यांचं गाव, आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं.

पण आवाज काढायचा तर कुणाचा? पट्टीत एक साधा आवाज भरलेला असतो. तो नको असेल तर दुसऱ्या कुणाचा, रेकॉर्डिंगवरून काढलेला ठसा घालता येतो. ठशात त्या माणसाच्या आवाजाचा पोत असतो, स्वरावर चढायची रीत असते, अगदी श्वास घ्यायची लकबसुद्धा असते. गळा एकीचा, आवाज दुसरीचा. 'माणूस गेलं की त्याचा आवाज जातो' ही गोष्ट पट्टी आल्यापासून आमच्या धंद्यात खरी राहिली नाही.

आमच्या कंपनीचे देवस्थळी सर पुण्याहून आले ते हाच विचार घेऊन. देवस्थळी सर म्हणजे गुळांब्याचे कर्तेधर्ते. फ्रॉकचा रंग त्यांचा, पिना त्यांच्या, आणि रेकॉर्डिंगनंतर माझ्या आवाजातली घागर घासूनपुसून काढायची युक्तीही त्यांचीच.

"हे बघ मधुरा, चेहरा बदलला तर लोक आठवड्यात सरावतात. आवाज बदलला तर नाही सरावत. आपल्याला पट्टीची सवय असलेला गळा हवा. धडधाकट मुलीला पट्टी लावली तर तिचा स्वतःचा आवाज मध्ये लुडबुडतो."

असा गळा मिरजेतच सापडला. अल्फिया मुजावर. तिचे वडील रियाजभाई तानपुरे बनवतात. कॉलेजात असताना स्कूटरला ट्रकनं उडवलं, अल्फिया वाचली, स्वरयंत्र गेलं. श्वास आता गळ्याच्या खालच्या बाजूच्या भोकातून घ्यायचा, आणि बोलायचं पट्टीनं. तालमीच्या खोलीत ती आली ती मान ताठ ठेवून, गळा उघडा ठेवून. झाकायचं काही आहे असं तिला वाटतच नसावं.

"गाऊ?" तिनं विचारलं आणि गायला लागली.

असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. बाईचाच, पण त्याच्या कडेनं सतत एक गुंजन चाललेलं. खोलीतल्या स्टीलच्या ग्लासानं उत्तर द्यायला सुरुवात केली.

ग्रीष्मा तोंडातली हलगी विसरली. "आयला! ह्यो कुणाचा ठसा गं?"

"कुणाचाच न्हाई. साधाच आवाज हाय," अल्फिया म्हणाली. "पन तो लई गुळगुळीत होता. खरखर येऊ नये म्हणून त्याला गाळणी बसवलेली असती. ती मी जरा जरा सैल करत गेले. अब्बा तानपुऱ्याला जवारी लावतात ना, तसं. एका जागी बरोबर लागली. मग हात न्हाई लावला."

मिरजेच्या पोराला जवारी शिकवावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक सुती धागा असतो. तो नसेल तर तार नुसती टणटण करते. धागा केसभर इकडे-तिकडे सरकवत नेला की एका जागी तार एकदम फुलते आणि गुंजायला लागते. त्याला म्हणायचं जवारी लागली.

"सुंदर, फारच वेगळं," देवस्थळी सर म्हणाले. 'वेगळं' हा शब्द पुण्यात कशासाठी वापरतात ते मला ठाऊक आहे. "आता एकदा केतकीचा ठसा घालून ऐकू या का?"

अल्फियानं मोबाइलवर काहीतरी दाबलं, ओठ उघडले, आणि खोलीत केतकी गायला लागली.

माझ्या अंगावर काटा आला. बहीण शिरवळला म्हशीच्या कासेला हात लावून बसली होती, आणि बहीण माझ्यासमोर गात होती. तीच किंचित उशिरा स्वरावर टेकायची खोड, ओळीच्या आधी तोच चिमणीएवढा श्वास. मी लगेच हो म्हटलं. घरातून गेलेलं माणूस कुणी परत आणून दिलं तर नको म्हणायला मी काही संत नाही.

"तुला चालंल का?" ग्रीष्मानं अल्फियाला विचारलं.

"गायला मिळतंय न्हवं? मग आवाज कुणाचा का असंना," अल्फिया म्हणाली. तिला गायचंच होतं. अपघातानंतर तिला कुणी गायला बोलावलंच नव्हतं.

कोल्हापूरच्या कार्यक्रमाला फ्रॉकची गळपट्टी हनुवटीपर्यंत आली. जाहिरात होती, 'गुळांबा तोच, गोडी तीच!' आणि खाली बारीक अक्षरांत अल्फियाचं नाव. लोकांनी नेहमीसारखंच डोक्यावर घेतलं. आमच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीनं आपलं नाव सांगितलं, तेव्हा "मी अल्फिया" हेसुद्धा केतकीच्याच आवाजात आलं आणि पहिल्या रांगेतल्या बायका कौतुकानं हसल्या. देवस्थळी सर विंगेत खुशीत होते.

मी मात्र एक अख्खी ओळ चुकले. माझा हात अल्फियाच्या पाठीवर होता. आवाजानं चिमणीएवढा श्वास घेतला तेव्हा ती पाठ हललीच नाही. आणि पाठ भरून फुगली तेव्हा आवाज सूर धरून होता, जणू त्या पाठीशी त्याचा संबंधच नाही. कानाला केतकी, हाताला अल्फिया. कुणाचं ऐकायचं तेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी अल्फिया तालमीला आली ती हसत हसत. "मधुराताई, काय झालं ऐका. अब्बा दुकानात भोपळा घासत बसलेले, फोनवर आपला कार्यक्रम लावून. घासताना वर बघत न्हाईत ते कधी. मी घरी गेले तर म्हणतात, 'आज तेरेकू गाने नई दिया क्या, बेटा?'"

ग्रीष्मा हसली. अल्फियाही हसली. मग तिचं हसू थांबलं आणि ती पाण्याची बाटली उघडायला खिडकीकडे गेली. पाठमोरी किती वेळ उभी होती ते मी मोजलं नाही, पण बाटली उघडायला इतका वेळ लागत नाही.

त्याच आठवड्यात केतकीचा फोन आला. मागं कुठली तरी गाय हंबरत होती.

"ताई, होस्टेलवर पोरी आपलं नवीन गाणं लावून नाचायल्यात. मला म्हणतात, काय गायलीस गं! मी ते गाणं आयुष्यात गायलेलं न्हाई. पण गायलेय. आणि चांगलं गायलेय, ह्याचाच राग येतोय."

"मग ठसा काढून घे. तुझा आहे."

"न्हाई काढत. तुमची पोटं हाईत त्याच्यावर, आणि मीच दिलाय." ती जरा थांबली. "पण एक विचारू? मी गेले हे तू मानलंयस का? आई मानते. माझी खोली तिनं लोणच्याच्या बरण्यांना दिली. तू मात्र मला रोज स्टेजवर उभी करतीस. तुझ्या शेजारी कोण उभी हाय, ते एकदा बघ तरी."

मी तिच्यावर चिडले, उलटसुलट बोलले, फोन ठेवला. मग बराच वेळ नुसतं रडू आलं. मोठ्या बहिणीला धाकटीनं शहाणपण शिकवावं याचा राग, ती खरं बोलली याचा त्याहून मोठा राग, आणि सगळ्यांच्या तळाशी एकच साधी गोष्ट की मला तिची आठवण येत होती.

पुण्याचा मोठा कार्यक्रम तोंडावर आला होता. मी देवस्थळी सरांना सांगून टाकलं, "अल्फिया तिच्या आवाजात गाणार."

"आणि लोक?"

"लोक ऐकतील."

"मधुरा, लोक गुळांब्याला येतात. बरणी उघडल्यावर आत मिरचीचा खर्डा निघाला तर माणूस बरणीवाल्याला शिव्या देतो, खर्ड्याला नाही." ते शांतपणे बोलत होते, आणि त्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. "बरं. एक कार्यक्रम देतो. जमला तर जमला. फसला, तर पट्टीवर केतकी परत, कायमची. अल्फियाला ते नको असेल तर ठशाला दुसरा गळा मिळेल. तसे तुमचेही ठसे आपल्याकडे आहेतच."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. अल्फियाचं गाणं पणाला लागलं होतं, आणि तिच्यानंतर रांगेत आम्हीच होतो.

मी अल्फियाला सगळं सांगितलं. "फसलं तर तुझं गाणं जाईल. ठसा ठेवलास तर जन्मभर चालेल. तू ठरव."

अल्फिया पट्टीवरून बोट फिरवत राहिली. "केतकीचा आवाज लई गोड हाय, ताई. त्याच्यात मला कसलाच तरास न्हाई. पन अब्बांनी वर बघितलं न्हाई." एवढं बोलून तिनं मोबाइल काढला आणि केतकीचा ठसा पट्टीतून उतरवला.

तालमी रियाजभाईंच्या कारखान्यात केल्या. सगळीकडे भोपळे टांगलेले, लाखेचा वास. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. गाणी केतकीच्या मापानं शिवलेली. अल्फियाच्या आवाजाला ती कुठं आखूड पडायची, कुठं ढगळ. तिचं गुंजन माझ्या घासून गुळगुळीत केलेल्या सुराला चिकटतच नव्हतं. शेवटी ग्रीष्मा वैतागली.

"मधुरे, तू शाळेत गायचीस तशी गा की! घागरीतनं. कंपनीला दाखवायचं गाऊ नकोस."

मी घागरीतून गायले. टांगलेले भोपळे घुमले. अल्फियाचं गुंजन माझ्या खर्जावर असं बसलं की आम्ही तिघी एकमेकींकडे बघून गातच राहिलो. कोपऱ्यातल्या एका तानपुऱ्याच्या तारा कुणी न छेडता वाजायला लागल्या. जवारी लागली होती. इतकी वर्षं आम्ही आमच्या आवाजातून जे पुसत होतो त्यावरच आता सगळं उभं होतं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो अभिमान, अगदी ऊर भरून.

फ्रॉक ग्रीष्मानं पोत्यात भरले. आम्ही इरकली साड्या नेसलो, गडद, रुंद काठांच्या, आणि ब्लाउजचे गळे मोकळे ठेवले. अल्फियानं पट्टी कातडीच्या रंगाची ठेवलीच नाही. अब्बांच्या लाल लाखेच्या रंगाची करून आणली.

पुण्याचं मैदान भरलं होतं. आम्ही स्टेजवर आलो आणि टाळ्या मध्येच अडखळल्या. लोक पीच रंग शोधत होते. नावं सांगायची वेळ आली. माझं झालं, ग्रीष्माचं झालं.

"मी अल्फिया मुजावर," ती म्हणाली. "मिरज."

कर्ण्यातून ते गुंजन मैदानभर गेलं. कुणीतरी म्हणालं, "पट्टी बिघडली वाटतं." मागून कुणीतरी "केतकीऽ!" म्हणून ओरडलं, त्याला आणखी दहाजणांनी साथ दिली. विंगेत देवस्थळी सरांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. मी अल्फियाच्या पाठीवर तळहात घट्ट दाबला. पाठ फुगली, थांबली, आणि आम्ही सूर लावला.

लोकांनी पहिलं कडवं परीक्षा घेत ऐकलं. दुसऱ्याला 'केतकी'च्या हाका बंद झाल्या. तिसऱ्याला ग्रीष्माची हलगी सुरू झाली आणि पुढच्या रांगांतल्या माना हलायला लागल्या. पण मला सांगायचंय ते शेवटच्या सुराचं.

केतकी असताना शेवटचा सूर तिच्या श्वासाएवढा असायचा. श्वास संपला की गाणं संपलं. अल्फियाचा श्वास आणि अल्फियाचा आवाज यांची वाट आता वेगळी आहे. ट्रकनं तिचं जे नेलं, त्याच्या बदल्यात ही एक गोष्ट तिच्याकडे राहिली होती, आणि केतकीच्या ठशाखाली ती झाकून ठेवलेली होती. तिनं वरचा सूर धरला. मी श्वास संपून थांबले, पुन्हा भरला, पुन्हा त्या सुरात शिरले. ग्रीष्माही तशीच. अल्फियाची पाठ माझ्या हाताखाली शांतपणे वर-खाली होत होती, झोपलेल्या माणसासारखी, आणि सूर तुटत नव्हता. मैदानातले लोक नकळत तिच्याबरोबर श्वास रोखून बसले होते. त्यांना तो एकेक करून सोडावा लागला, आणि तसतसं मैदानभर "अरे! अरे!" होत गेलं. लोक उठून उभे राहिले. सूर चालूच. मग अल्फियानं आपल्या मर्जीनं, दार ओढून घ्यावं तसा, तो बंद केला.

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. इतका आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

हल्ली आम्हाला 'गोड मुली' कुणी म्हणत नाही. मिरजेतल्या शाळकरी पोरी गळ्याला लाल टेप चिकटवून फिरतात आणि मास्तरांच्या शिव्या खातात. देवस्थळी सर मुलाखतीत सांगतात की गुळांब्याला नवं रूप द्यायचं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. सांगू देत. केतकीचा ठसा त्यांनी पुसला, माझ्यासमोर, मग ग्रीष्माचा आणि माझाही.

पुण्यात त्या दिवशी विंगेत शिरल्या शिरल्या अल्फियाचा फोन वाजला. रियाजभाई होते. अल्फियानं फोन स्पीकरवर टाकला.

"अब्बा, काम करते बैठे क्या?" अल्फियानं विचारलं.

"नई," रियाजभाई म्हणाले. "काम रखके सुना आज."

ती फोन हातात धरून उभी असतानाच मागच्या दारानं धापा टाकत केतकी आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगाला गोठ्याचा वास. शिरवळहून थेट येऊन मागच्या रांगेत बसली होती आणि मला पत्ता नव्हता. तिचा गळा पार बसला होता.

"काय झालं गं आवाजाला?" मी घाबरून विचारलं.

"काय न्हाई. माझ्या शेजारची बाई म्हणायली, केतकी आज काय गायली! मग काय, चढले खुर्चीवर." ती अल्फियाकडे बघून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि महाराष्ट्राच्या त्या लाडक्या आवाजातून नुसती हवा येत होती. "सगळ्या मैदानाला ओरडून सांगितलं, ती मी न्हवं! ती अल्फिया हाय!"